विहिरीत उतरवलेलं इंजिन

एप्रिल-मे महिन्यात आंबिया बहाराची फळं संत्र्याच्या झाडावर असतात आणि नेमक्या त्याच वेळी सौंसर-पांढुर्ण्याकडच्या विहिरी तळ गाठतात. काठावरच्या डिझेल इंजिनाला मग पाणी ओढवत नाही. पंप पाणी खेचतो असं आपण म्हणतो, पण ते वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिचं बळ जेमतेम 10 मीटरला संपतं. व्यवहारात 6-7 मीटरलाच पंप दमतो. म्हणून दोरखंड लावून इंजिनच विहिरीतल्या कपारीवर उतरवलं जातं. पाणी सुरू होतं. धूर मात्र विहिरीतच साचतो.

सौंसर भागातल्या एका इंजिन मेकॅनिकचा अनुभव यासाठी ऐकण्यासारखा आहे. इंजिन मध्येच काळा धूर सोडून बंद पडतं, अशी तक्रार आली म्हणून त्याला बोलावलं होतं. तो काठावर पोहोचला तेव्हा खाली कपारीवर बसलेल्या मुलाचं डोकं दुखत होतं, त्याला मळमळत होतं. ऊन लागलं असेल, असं घरचे म्हणत होते. मेकॅनिकने इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी दोर टाकून मुलाला वर घेतलं. बिघाड इंजिनात नव्हताच. त्याला हवा पुरत नव्हती, आणि जी हवा इंजिनाला पुरत नाही ती माणसाला कशी पुरणार?

मोकळ्यावर चांगलं डिझेल इंजिन कार्बन मोनॉक्साइड कमी सोडतं. विहिरीत ते स्वतःचाच धूर पुन्हा ओढतं, डिझेल अर्धवट जळतं आणि हा वायू वाढत जातो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरही इथे फसवतं, कारण विषारी झालेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं.

विहिरीत कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आहे. तो विझला तर उतरू नये, हे खरंच. पण तो जळत राहिला म्हणून विहीर निर्धोक ठरत नाही. माणूस मरेल एवढा कार्बन मोनॉक्साइड हवेत असतानाही ज्योत तशीच जळते.

धुराला वाट काढायला एक फटही पुरते. 23 डिसेंबर 2024 रोजी केरळात वडकरा इथे उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. एसीसाठी जनरेटर चालू होता. कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी तपासलं तेव्हा तळातल्या फटीतून धूर आत शिरत असल्याचं आणि दोन तासांत कार्बन मोनॉक्साइड 957 पीपीएमवर गेल्याचं आढळलं. सायलेन्सरला लांब पाइप जोडून धूर विहिरीबाहेर काढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. इंजिनाच्या थरथरीने सांधे सैल होतात आणि गळती खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही.

म्हणून इंजिन काठावरच राहू द्यावं. पाणी खोल गेलं तर जेट पंप लावावा, वीज असेल तर सबमर्सिबल. ज्यांना इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतरच नाही, त्यांनी ते चालू असताना कुणालाही आत ठेवू नये. बंद केल्यावरही ब्लोअरने बराच वेळ ताजी हवा सोडावी. उतरणाऱ्याच्या कमरेला पट्टा आणि दोर हवाच, आणि तो ओढायला वर माणसं हवीत.

खंडवा जिल्ह्यातल्या कोंडावत गावात 3 एप्रिल 2025 रोजी गणगौर विसर्जनासाठी विहीर साफ करायला उतरलेला माणूस आत कोसळला. तिथे इंजिन नव्हतं, गाळातला विषारी वायू होता. त्याला वाचवायला एकामागोमाग एक उतरत गेले आणि आठ जण गेले. आपलं माणूस डोळ्यांदेखत पडल्यावर थांबणं फार कठीण असतं. तरीही श्वसनयंत्राशिवाय कुणी आत उडी टाकू नये. दोर बांधलेला असेल तर वरूनच ओढावं, 112 आणि 108 ला फोन लावावा, आणि विहिरीत वायू आहे हे फोनवर पहिल्याच वाक्यात सांगावं.