सोन्याच्या नाण्यावरील मुद्रा कोणाची?

प्रभूने नाणे मागवून त्यावरील मुद्रा व लेख कोणाचा असे विचारले (मत्तय २२:२०). पाचशे वर्षांनंतरच्या बायझंटाईन सोन्याच्या नाण्यांबाबत आपणांस हाच प्रश्न विचारावा लागतो, आणि उत्तर तितके सोपे नाही.

'सॉलिडस' हे नाणे कॉन्स्टंटाईन बादशहाने सुरू केले. एका रोमी रत्तल सोन्यात ७२ नाणी पाडीत. प्रत्येकाचे वजन सुमारे साडेचार ग्रॅम. मागील बाजूस तळाशी 'कॉनॉब' अशी अक्षरे असतात. 'कॉन' म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, 'ओब' म्हणजे शुद्ध सोने. ग्रीक अंकलेखनात तीच दोन अक्षरे ७२ ही संख्याही दाखवितात. एवढ्यावरून मात्र टांकसाळ ठरवू नये, कारण इटलीतही हीच अक्षरे घालीत.

खरी अडचण नावांची. नाण्यावर 'पहिला', 'दुसरा' असे लिहिलेले नसते. जस्टिन नावाचे दोन बादशहा झाले. मागे पंख असलेली उभी आकृती असेल तर तो पहिला (५१८–५२७). नगराचे प्रतीक म्हणून बसलेली स्त्री असेल तर दुसरा (५६५–५७८). सहाव्या शतकातील इतिहासकार इफिसचा योहान (हा प्रेषित नव्हे) सांगतो की, लोकांना ती स्त्री अफ्रोदिती देवी वाटे. पुढील बादशहा टायबीरियस याने तिच्या जागी पायऱ्यांवर उभा क्रूस घातला. दोन बादशहा शेजारी शेजारी बसलेले दिसले, तर ते नाणे फार दुर्मिळ. ५२७ साली एप्रिल ते ऑगस्ट एवढेच महिने पहिला जस्टिन व जस्टिनियन यांनी मिळून राज्य केले.

नाण्याच्या दर्शनी बाजूवर ख्रिस्ताचे मुख प्रथम घालणारा जस्टिनियन म्हणजे हागिया सोफिया बांधणारा नव्हे. तो दुसरा जस्टिनियन. वर्गात ही गल्लत सहज होते. याने स्वतःची आकृती मागे नेली व तेथे 'ख्रिस्ताचा दास' असे लिहविले. लांब केस व दाढी असलेला ख्रिस्त पहिल्या कारकिर्दीतील (६८५–६९५), आखूड कुरळ्या केसांचा दुसऱ्या (७०५–७११). मध्यंतरी शत्रूंनी त्याचे नाक कापून त्याला हद्दपार केले होते. परत आल्यावर या 'दासा'ने भयंकर सूड घेतला, हेही मुलांपासून लपवू नये.

बेळगावच्या दक्षिणेस, हावेरी जिल्ह्यातील अक्की आलूर येथे अशी बायझंटाईन नाणी सापडली आहेत. दक्षिण भारतात मिळालेल्या पुष्कळ नाण्यांना दागिन्यासाठी भोके पाडलेली दिसतात, काही तर येथेच केलेल्या नकला आहेत. तेव्हा अक्षरे अर्थहीन वाटली, तर बादशहाचे नाव लावण्यापूर्वी नाणे तराजूत घालून पाहावे.