पेस्ट केलेला जीएसटी नंबर का कापला जातो?

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जीन, साज विकणाऱ्याने ऑर्डरसाठी वेब पेज करून घेतले, तर बाहेरगावचे गिऱ्हाईक पक्के बिल मागणारच. आपला जीएसटी नंबर ते मोबाईलवरून कॉपी करून रकान्यात पेस्ट करते. नंबर १५ अक्षरांचा, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होणारा. कॉपी करताना आधी एक मोकळी जागा आली आणि रकान्याला १५ चीच मर्यादा असली, की शेवटचे अक्षर गळते. ते तपासणीचे अक्षर! बिल चुकते आणि गिऱ्हाइकाचे क्रेडिट अडकते.

काही जण यावर पेस्टच बंद करवतात. मला हे पटत नाही. हाताने लिहिताना इंग्रजी ओ आणि शून्य यांची गल्लत ठरलेली. पेस्ट होताना ब्राउझर पानाला ‘पेस्ट’ या इव्हेंटची वर्दी देतो. त्याच वेळी पानाने मजकूर वाचावा, ब्राउझरचे नेहमीचे काम थांबवावे, मोकळ्या जागा काढाव्यात, अक्षरे कॅपिटल करावीत आणि नंबर स्वतः रकान्यात भरावा. पान बनवणाऱ्याकडून एवढे करून घ्या.

कॉपी करतानाही अशीच वर्दी जाते. तिथे लबाड पान भलताच मजकूर हाती देऊ शकते. म्हणून कुणाचा बँक खाते नंबर पेस्ट केलात, तर पैसे पाठवण्याआधी मूळ कागदाशी ताडून पाहा.