दारावरची नोटीस

शीळफाटा आपल्याला नवा नाही. मुंब्र्याहून पनवेलला जाणारा रस्ता, कल्याणकडून येणारा रस्ता आणि महापेला जाणारा रस्ता इथे मिळतात. ट्रकांची रांग रात्रीसुद्धा हटत नाही. जिथे रस्ते मिळतात तिथे जमिनीला भाव येतो, आणि मग सरकारलाही तीच जमीन हवी असते. मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा वांद्र्याच्या बाजूने निघतो. ठाण्याच्या खाडीखालून तो इकडे शीळफाट्याला येतो. त्या गाडीचे ठाण्याचे स्टेशन म्हातार्डीला धरले आहे. त्यामुळे आसपासच्या गावांत मोजणीवाले आले आणि नोटिसाही आल्या.

समजा, अशीच एक नोटीस एका आजींच्या दाराला चिकटवली आहे. आजींनी ती अलगद काढली, घडी घातली आणि देवाच्या फळीवर ठेवली. मुलगा रात्रपाळीला जातो, दिवसा झोपतो. त्याला सांगायचे राहून गेले. तीन आठवड्यांनी साक्षरतेच्या वर्गात आजींनी तो कागद बाईंच्या पुढे धरला.

"सरकारचा कागद आहे बाई. सरकारला नाही कसं म्हणायचं?"

"म्हणता येतं आजी. पण मुदतीत म्हणावं लागतं, आणि लिहून."

आजचा पाठ याच बोलण्याचा आहे.

आधी एक गोष्ट सरळ सांगतो. सार्वजनिक कामासाठी सरकारला जमीन घेता येते. पूर्वी मालमत्ता हा मूलभूत हक्क होता. १९७८ च्या घटनादुरुस्तीने तो तसा राहिला नाही. परंतु घटनेत कलम ३०० अ आले. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही, असे ते सांगते. विक्रोळीला याच बुलेट ट्रेनसाठी गोदरेज कंपनीची जमीन घेतली. कंपनी हायकोर्टात गेली. वकिलांना काय तोटा! तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये कोर्टाने कंपनीचा अर्ज फेटाळला. तेव्हा "कोर्टात जाऊन काम बंद पाडतो" असे कोणी छाती ठोकून सांगू लागला, तर त्याला पैसे देण्याआधी दोनदा विचार करा. आपल्या हातात बहुधा दुसरे असते. जमीन नियमाने घेतली का, आणि मोल पुरे दिले का, हे विचारणे.

हे विचारण्याचा हक्क किती बळकट आहे ते पाहा. हिमाचल प्रदेशात हमीरपूर जिल्ह्यात एका विधवा बाईची शेती १९६७-६८ साली रस्त्यासाठी घेतली. नोटीस नाही, निवाडा नाही, पैसा नाही. बाई निरक्षर होत्या. असा पैसा मागता येतो हेच त्यांना पुष्कळ वर्षे माहीत नव्हते. शेजारच्या लोकांना कोर्टातून भरपाई मिळाली, तेव्हा त्यांना कळले. सरकार म्हणाले, आता फार उशीर झाला, इतकी वर्षे ताबा आमचा आहे. सुप्रीम कोर्टाने ८ जानेवारी २०२० रोजी निकाल दिला, की सरकारला आपल्याच नागरिकाच्या जमिनीवर असा ताब्याचा हक्क सांगता येत नाही, भरपाई द्या. बाई तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. निकाल चांगला लागला खरा. पण मधली पन्नास वर्षे कोण परत देणार?

आपल्या शेजारी नेवाळीची गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने तिथे विमानाच्या धावपट्टीसाठी दीड हजार एकरांहून अधिक जमीन घेतली. शेतकरी म्हणतात, ती युद्धापुरती घेतली होती. नौदल म्हणते, जमीन आमची आहे. जून २०१७ मध्ये कुंपणावरून तिथे मोठा उद्रेक झाला. गाड्या जळल्या, माणसे जखमी झाली. पाऊणशे वर्षांपूर्वी कोणत्या कागदावर काय लिहिले होते, याचे भांडण नातवंडांच्या वाट्याला आले. एकजुटीचे मोल मी कमी मानत नाही. जासईला जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली सिडकोविरुद्ध आंदोलन झाले. पाच माणसांनी प्राण दिले. त्या लढ्यामुळे पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पण मोर्चाला गेलो म्हणून अर्जाची मुदत वाढत नाही.

आता आजींची नोटीस वाचू. वर पाहा, कोणत्या कायद्याचे नाव आहे? २०१३ चा भूसंपादन कायदा असेल आणि कलम ११ असेल, तर प्रसिद्धीपासून ६० दिवसांत लेखी हरकत देता येते. ती कलम १५ ची हरकत. हरकत दिली की म्हणणे ऐकून घ्यावेच लागते. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा असेल, तर हरकतीला फक्त २१ दिवस. म्हणून आधी कायद्याचे नाव वाचायचे, मग दिवस मोजायचे. आजींचे तीन आठवडे फळीवर गेले. महामार्गाची नोटीस असती तर काय झाले असते?

मग गट नंबर पाहा. आपला सातबारा शेजारी ठेवा आणि आकड्याला आकडा लावा. क्षेत्र तेच आहे का? नाव कोणाचे आहे? वारलेल्या सासऱ्यांचेच नाव अजून असेल, तर आज तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. मुलींची, बहिणींची नावेही त्यात येतात. जमिनीचे पैसे येणार असे कळले, की बहिणीला साडीचोळी करून हक्कसोड पत्रावर अंगठा घेणारे भाऊ पुष्कळ निघतात. बहिणींनो, कागद वाचल्याशिवाय अंगठा नको. आता तर सही येते.

पुढे संयुक्त मोजणी होते. त्या दिवशी कामाला दांडी पडली तरी चालेल, पण बांधावर उभे राहा. आंबा, फणस, विहीर, गोठा, घर, सगळे पंचनाम्यात लिहून घ्या. का ते हिशेबाने पाहू. समजा, जमिनीची किंमत १० लाख धरली. विहीर व झाडे मिळून २ लाख. बेरीज १२ लाख. कायद्याने तेवढीच आणखी दिलासा रक्कम मिळते. म्हणजे २४ लाख झाले. शिवाय जमिनीच्या बाजारभावावर वर्षाला १२ टक्के वेगळे. विहीर आणि झाडे लिहायची राहिली, तर २ लाखांचे नाही, ४ लाखांचे नुकसान होते. खेड्याच्या हद्दीत जमिनीच्या किमतीला गुणक लागतो, तो किती लावला तेही विचारा.

बाजारभाव कसा ठरतो? रेडी रेकनरचा दर पाहतात आणि आसपासची तीन वर्षांची खरेदीखतेही पाहतात. इथे आपलेच पाप आपल्याला भोवते. खरेदीखतात किंमत कमी लिहायची आणि बाकीचे रोख घ्यायचे, ही रीत आहे ना? मग निवाड्यातही तोच कमी आकडा येतो. आपल्याच नाही, शेजाऱ्याच्याही.

अधिकारी वाटाघाटीने थेट खरेदीही सुचवतात. महाराष्ट्रात २०१५ पासून त्यात २५ टक्के जादा देण्याची सोय आहे. घाई असेल त्याला ते बरे. मात्र स्वखुशीने खरेदीखत केले, की पुढे रक्कम कमी पडली म्हणून दाद मागण्याचा कायद्याचा रस्ता बंद होतो.

निवाडा मान्य नसेल, तरी पैसे घ्या. पण पावतीवर लिहा: "रक्कम हरकत राखून घेतली." हे चार शब्द नसतील, तर कलम ६४ खाली वाढीव रकमेचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल, तर या अर्जाला सहा आठवडे आहेत. आणि एरवी पूर्ण पैसे दिल्यावाचून ताबा घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

वकिलाला पैसे नाहीत? तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमाती यांना उत्पन्न न पाहता तिथे फुकट वकील मिळतो.

त्या दिवशी वर्गात आजींनी स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. पाटीवर तीनदा, मग कागदावर. तुम्हीही वहीत उतरवा. रिकाम्या जागी आपले लिहा.

प्रति,
भूसंपादन अधिकारी साहेब यांस,
मी ............, राहणार ............
आपली दिनांक ............ ची नोटीस मला दिनांक ............ रोजी मिळाली.
गट नंबर ............ मधील माझी जमीन घेण्यास माझी हरकत आहे.
कारण ............
मला समक्ष म्हणणे मांडायचे आहे. तारीख लेखी कळवावी.
सोबत सातबाऱ्याची नक्कल जोडली आहे.
सही ............

अर्जाच्या दोन प्रती करा. एक कचेरीत द्या. दुसरीवर शिक्का, तारीख आणि कारकुनाची सही घ्या. तिला पोच म्हणतात. कारकून म्हणेल, "ठेवून जा, बघतो." तरी पोच हातात पडेपर्यंत खिडकीसमोरून हलू नका.