पिंपातली द्राक्षवेल

द्राक्ष हे सर्वांना आवडणारे फळ आहे. पुणे-नाशिक रस्त्याने चाकणवरून पुढे गेले की नारायणगावच्या आसपास द्राक्षांच्या बागा लागतात. नाशिक व सांगली हे जिल्हे तर द्राक्षांसाठी प्रसिद्धच आहेत. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले.

बागेला जमीन लागते. आपल्या वर्गातली पुष्कळ मुले भाड्याच्या खोलीत राहतात. आम्हीही तसेच राहतो. तरी आमच्या दारात द्राक्षवेल आहे. ती पिंपात लावली आहे. माझे आजोबा पूर्वी नारायणगावच्या बाजूला छाटणीला जात. त्यांनी सांगितलेली माहिती मी येथे देत आहे.

पिंप : आपल्या भागात कारखाने खूप. त्यामुळे भंगारवाल्याकडे निळी पिंपे मिळतात. पण रंग, ॲसिड किंवा औषध भरलेले पिंप कधीही घेऊ नये, धुतले तरी नको. ते मातीत उतरते आणि फळ आपण खातो. लोणच्याचे किंवा खाण्याच्या तेलाचे पिंप चालते. आमचे पिंप पन्नास लिटरचे आहे. त्याच्या बुडाला सात-आठ भोके पाडावीत व त्यांवर खापराचे तुकडे ठेवावेत, म्हणजे पाणी जाते पण माती जात नाही. पिंप दोन विटांवर ठेवावे.

माती : नुसती काळी माती भरू नये. ती पाणी धरून ठेवते व मुळे कुजतात. दोन पाट्या माती, एक पाटी कुजलेले शेणखत व एक पाटी वाळू असे मिसळावे.

ऊन व पाणी : वेलीला रोज सहा तास तरी ऊन पाहिजे. मातीत बोट घालून पाहावे. कोरडे लागले तर पाणी द्यावे. उन्हाळ्यात पिंप तापते, म्हणून रोज पाणी लागते. पाणी बुडाशी घालावे. पाने सारखी ओली राहिली तर केवडा रोग येतो.

छाटणी : हा सर्वात महत्त्वाचा भाग आहे. थंड देशात हिवाळ्यात वेलीची पाने गळतात व ती झोपते. तिथे वर्षातून एकदाच छाटतात. आपल्याकडे तेवढी थंडी नसते, म्हणून महाराष्ट्रात दोनदा छाटतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात. तेव्हा काडीवर एक-दोन डोळेच ठेवतात. मग नव्या काड्या येतात आणि त्यांच्या डोळ्यांत आतल्या आत घड तयार होतो. तो आपल्याला दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी केली की तोच घड बाहेर पडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे पिकतात.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आम्हाला खोली बदलावी लागली. आजोबांनी आधी खरड छाटणी केली. वेल बोडकी झाली तेव्हा माझी बहीण रडायलाच लागली. तिला वाटलं, वेल मेली. पण बोडक्या वेलीची पाने मोडायची भीती नसते. पप्पांनी व शेजारच्या काकांनी पिंप टेंपोत चढवले. नव्या दारात पंधरा दिवसांत डोळे फुटले. जमिनीतली वेल अशी नेता आली नसती.

घड : एका घडाला साधारण पंधरा पाने लागतात, कारण गोडी पानेच तयार करतात. म्हणून आजोबांनी पाचच घड ठेवले व बाकीचे काढले. द्राक्षे आंब्यासारखी आढीत पिकत नाहीत. वेलीवरच गोड होऊ द्यावीत.

ऑक्टोबरमध्ये छाटलेल्या काड्या टाकून देऊ नयेत. पेन्सिलीएवढी जाड, चार डोळ्यांची काडी घ्यावी, दोन डोळे मातीत पुरावेत. तिला मुळ्या फुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ येते. यंदा आजोबा काड्या राखून ठेवणार आहेत. ज्यांना पाहिजे त्यांनी मला मधल्या सुट्टीत सांगावे. पिंप मात्र खाण्याच्या वस्तूचेच आणावे.

— इयत्ता चौथी