‘पाणी गुडघाभरच आहे’ असं कुणी सांगितलं तर

मे महिन्यात पवना धरणाचं पाणी फसवं शांत असतं. तुंग आणि तिकोन्याच्या मध्ये पसरलेल्या त्या पाण्यावर वारा पडला की लाट म्हणून उठत नाही. आमच्या घरात काशीद-नागावच्या समुद्राचं नाव काढलं की लाटांची धास्ती, म्हणून बच्चेकंपनीला घेऊन आम्ही पवनेच्या काठी तंबूत राहायला गेलो. जाहिरातीत ‘फॅमिलीसाठी सुरक्षित, प्रायव्हेट बीच’ असं छापलेलं होतं.

मी फोनवर विचारलं होतं, पोचल्यावर पुन्हा विचारलं, “मुलं उतरली तर चालेल ना? खोल किती आहे?” कॅम्पवाला म्हणाला, “ताई, बिनधास्त सोडा. पार आतपर्यंत गुडघाभरच आहे.” वहिनी शेजारीच उभी होती, तिनंही ऐकलं. हे इतकं नेमकं लिहिते आहे, कारण नंतर ‘मी असं बोललोच नाही’ असं तोच माणूस आमच्या तोंडावर म्हणाला.

माझी नऊ वर्षांची भाची आत शिरतही नव्हती. ती काठाकाठानं चालत होती, पाणी जेमतेम मांडीला लागत होतं. पुढचं पाऊल टाकलं आणि ती हनुवटीपर्यंत खाली गेली. ओरडली नाही. हात उंचावून कुणाला बोलावलं नाही. मान मागे टाकलेली, तोंड उघडं, केस डोळ्यांवर चिकटलेले आणि डोकं नुसतं वर-खाली होत होतं. अगदी जवळ असलेल्या तिच्या भावाला वाटलं, ही बुडी मारायचा खेळ खेळते आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग तिचे डोळे दिसले. ते कुणाकडेच बघत नव्हते.

दादा धावत सुटला. पलीकडे म्हशी धूत असलेले एक आजोबा त्याच्यावर खेकसले, “जागंवर थांब! तू बी जाशील!” त्यांनी हातातली लांब काठी तिच्या छातीला लागेल अशी पुढे धरली. पोरीनं ती धरली. बाहेर आली तेव्हा खोकत होती, ओठ काळे पडले होते.

“इथं आमची खाचरं व्हती,” आजोबा म्हणाले. “पोर बांधावरनं खाली उतरली.”

त्या एका वाक्यात सगळं आलं. समुद्राची पुळण लाटांनी घासूनपुसून बहुतेक उताराची झालेली असते. तिथेही धोका असतोच, पण पाणी पायागणिक वाढतं. धरणाचा तळ म्हणजे 1970च्या दशकात पाण्याखाली गेलेली शेती. भाताची खाचरं, त्यांचे बांध, ओढ्यांचे काठ, कुठे जुनी विहीर, आणि वर इतक्या वर्षांचा गाळ. पाणी मांडीएवढं आहे ते बांधावर. पुढे काय आहे ते वरून दिसत नाही. शिवाय उन्हाळ्यात साठा उतरत जातो तसा काठ खाली सरकतो. महिन्यापूर्वी जिथे खरंच गुडघाभर पाणी असेल तिथे आज कोरडी जमीन असते, आणि आजचा काठ निराळ्याच जागी असतो. म्हणून ‘मागच्या वेळी आलो तेव्हा उथळ होतं’ या बोलण्याला पवनेवर काडीची किंमत नाही, मग ते बोलणारा रोज तिथे बसणारा का असेना.

कॅम्पवाला आला तो पोरीची चौकशी करायला नव्हे. त्यानं आधी तंबूंच्या मागच्या पाटीकडे बोट केलं. पाण्यात उतरण्यास सक्त मनाई आहे, असं तिच्यावर लिहिलेलं. पाटीवर त्याच्याच कॅम्पचे ओले टॉवेल वाळत होते. ते बाजूला सारून त्यानं आम्हाला ती वाचून दाखवली आणि म्हणाला, “पोरांवर लक्ष आई-बापानं ठेवायचं असतं.” लाइफ जॅकेटं होती, पण बोटीच्या फेरीसाठी, वेगळे पैसे भरणाऱ्यांना. उरलेल्या रात्रीचे पैसे आजतागायत परत मिळालेले नाहीत. पैशांचं जाऊ द्या. ‘लक्ष आई-बापानं ठेवायचं’ हे वाक्य मात्र मी विसरणार नाही.

30 जून 2024 रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 रोजी कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा जीव गेला. तेव्हापासून मावळात पावसाळी पाण्याची भीती लोकांच्या मनात बसली आहे, ते योग्यच आहे. पण उन्हाळ्यातल्या निवांत धरणाला कुणी भीत नाही, आणि कॅम्पवाले नेमकं तेच विकतात.

तरीही जाणार असाल तर मुलांना पाण्यात उतरवू नका, काठावर खेळू द्या. मोठ्या माणसानं पाय बुडवायचे तर आधी काठीनं तळ चाचपायचा, आणि पाय गाळात रुतला की तिथूनच मागे फिरायचं. पाच लिटरचा रिकामा तेलाचा कॅन बूच घट्ट लावून लांब दोरीला बांधा आणि गाडीतून उतरल्या उतरल्या काठावर ठेवा. कुणी बुडत असेल तर तो फेका, काठी द्या, ओढणी द्या, उडी मारू नका. वाचवायला गेलेलाही बुडतो, हे मावळातल्या कुठल्याही शोधपथकाला विचारा. मुलांवर नजर ठेवताना आवाजाच्या भरवशावर राहू नका, कारण बुडणारं मूल बहुतेकदा गप्प असतं. पाणी नाकातोंडात गेलेलं मूल हसत असलं तरी डॉक्टरांना दाखवा. खोकला किंवा धाप काही तासांनीही वाढू शकते. म्हणून आम्ही रात्रीच डॉक्टर गाठायला कामशेतच्या रस्त्याला लागलो. दारू पिऊन पाण्याजवळ जायचं नाही, अंधारात उतरायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, पण आम्ही निघालो तेव्हा शेजारच्या तंबूतली मंडळी तेच करत होती.

खोलीबद्दल विचारायचंच असेल तर कॅम्पवाल्याला विचारू नका. काठावर गुरं घेऊन आलेल्या जुन्या माणसाला विचारा, की इथे पाण्याखाली काय होतं. त्यांची जमीन त्या पाण्याखाली आहे. कॅम्पवाल्याशी काही ठरवायचं असेल तर पैसे भरण्याआधी ‘मुलं पाण्यात उतरली तर जबाबदारी कुणाची’ एवढं मेसेजवर लिहून मागा. उत्तर आलं नाही तर बुकिंग करू नका.