सुगरणीचा खोपा विणतो कोण?

आषाढ-श्रावणात गावाबाहेरच्या एखाद्या जुन्या विहिरीवर गेलात, तर पाण्यावर झुकलेल्या बाभळीच्या फांद्यांना उलट्या चंबूसारखे खोपे लोंबताना तुम्हांला दिसतील. काही खोपे हिरवे, काही पिवळे पडलेले, काही पुरे आणि काही अर्धेच. भोवती पिवळ्या डोक्याच्या पक्ष्यांचा एकच कलकलाट चाललेला असतो. हाच आपला सुगरण पक्षी. आकाराने तो चिमणीएवढा असतो. विणीचा हंगाम नसताना तर नर आणि मादी दोघेही चिमणीसारखेच दिसतात, त्यामुळे आपले तिकडे लक्षही जात नाही.

सुगरण हे नाव स्त्रीलिंगी आहे. घरकामात निपुण ती सुगरण. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे तर या पक्ष्याचा खोपा मराठी घराघरांत पोचला, आणि तो विणणारी आईच असणार असे आपण धरून चाललो. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. मादी तयार खोप्यात आतून थोडीफार मऊ भर घालते, एवढेच. (पक्ष्याच्या शास्त्रीय नावाचीही अशीच गंमत आहे. प्लोसियस फिलिपिनस असे त्याचे नाव आहे, पण फिलिपीन्स बेटांवर हा पक्षी आढळतच नाही!)

पण त्या अर्ध्या खोप्यांचे काय? एखाद्या वसाहतीत असे कितीतरी खोपे दिसतात. वर घुमट, खाली दोन्ही बाजू उघड्या, मध्ये एक आडवी दांडी. पूर्वी लोक सांगत की, मादी अंड्यांवर बसली असताना नराला बसून झोके घेण्यासाठी हा पाळणा असतो. कल्पना गोड आहे, पण खरी नाही. मग खरे काय, हे कसे कळावे? त्यासाठी कोणीतरी वसाहतीसमोर ठाण मांडून दिवसचे दिवस बघत बसायला हवे होते.

ते काम सालिम अली यांनी केले. १९३० साली जर्मनीतून पक्षिशास्त्राचे शिक्षण घेऊन ते परत आले, तेव्हा मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली होती. हाती नोकरी नाही, म्हणून ते अलिबागजवळ किहीम येथे राहायला गेले. घराजवळच्या झाडावर सुगरणींची भरभराटीची वसाहत होती. त्या पावसाळ्यात त्यांनी तिचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९३१ मध्ये मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. विहिरी-विहिरींवर सर्वांच्या डोळ्यांसमोर टांगलेल्या गोष्टीचा उलगडा तेव्हा झाला.

हकीकत अशी की, नर खोपा अर्धा विणतो आणि थांबतो. मग तो खोप्याला लोंबकळून पंख फडफडवतो, ओरडतो आणि मादीला बोलावतो. माद्या येतात, आत शिरतात, चोचीने इकडे तिकडे ओढून पाहतात. घर बघायला आलेल्या माणसांसारखेच हे चालते! पसंत पडले तर मादी तिथे राहते आणि नर पुढचे काम पुरे करतो. पसंत पडले नाही तर खोपा तसाच राहतो. म्हणजे अर्धा खोपा हा पाळणा नव्हे; बहुधा तो नाकारलेला तरी असतो, नाहीतर पसंतीची वाट पाहत असतो. मादी अंड्यांवर बसली की नर तेथेच थांबत नाही. तो दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावू लागतो. अंडी उबवण्याचे काम मादी एकटीच करते. अंडी २ ते ४ असतात, ती सुमारे १४ ते १७ दिवसांत उबतात. पिलांना भरवायला नर कधी कधी मदत करतो, पण त्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

मादी निवडताना नेमके काय पाहते? आपल्याला वाटेल, विणकाम. सुहेल क्वादर यांनी याचा अभ्यास केला आणि २००५ च्या सुमारास त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांना आढळले की, विणकामापेक्षा खोप्याच्या जागेला मादी अधिक महत्त्व देते. विचार केला तर ते पटते. साप, कावळा किंवा उंदीर अंड्यांपर्यंत पोचला, तर वीण कितीही सुबक असून काय उपयोग?

आता प्रत्यक्ष विणकाम पाहू. नर गवताच्या, उसाच्या किंवा भाताच्या हिरव्या पात्याच्या कडेला चोचीने एक खाच पाडतो. तेथून ती कड चोचीत घट्ट धरतो आणि तसाच उडतो. उडण्याच्या झटक्यासरशी पाते टोकापर्यंत चिरत जाते आणि एक लांब धागा त्याच्या चोचीत राहतो. शिंदीच्या आणि माडाच्या पानांचेही तो असेच धागे काढतो. एकेक धागा २० ते ६० सेंटिमीटर लांब असतो. पाते हिरवेच का? कारण ओले पाते न तुटता वाकते, आणि वाळले की गाठ जागच्या जागी घट्ट बसते.

पहिले धागे तो फांदीच्या टोकाला गुंडाळून त्यांच्या गाठी मारतो. पायाने धागा दाबायचा, चोचीने टोक खुपसायचे, पलीकडच्या बाजूने ओढून घ्यायचे, पुन्हा खुपसायचे. या गाठींपासून खाली एक कडे तयार होते. कड्यावर घुमट चढतो आणि शिरस्त्राणासारखा तो अर्धा खोपा होतो. शिरस्त्राणाच्या हनुवटीखालच्या पट्ट्यासारखी खाली जी आडवी दांडी असते, ती फार महत्त्वाची. पसंती मिळाल्यावर दांडीच्या एका बाजूला तळ बंद करून अंड्यांची खोली केली जाते, आणि दुसऱ्या बाजूने खाली लोंबणारी प्रवेशाची नळी विणली जाते. दांडी दोहोंच्या मध्ये उंबरठ्यासारखी राहते. वाऱ्यात खोपा झोके घेऊ लागला, तरी अंडी नळीतून गडगडत पाण्यात पडत नाहीत ती या उंबरठ्यामुळे.

शिरस्त्राणापर्यंत यायला सुमारे ८ दिवस लागतात आणि सारा खोपा पुरा व्हायला सुमारे १८. त्यासाठी नर ५०० पर्यंत खेपा घालतो! आतल्या भिंतीला ओल्या मातीचे गोळेही चिकटवलेले सापडतात. या मातीत काजवे रोवून सुगरण रात्री दिवा लावते, असे तुमच्या आजीने सांगितले असेल. माती खरी आहे; दिव्याला मात्र काही पुरावा नाही. खोप्याला वजन येऊन वाऱ्यात तो कमी हेलकावा, यासाठी माती असावी, असे एक मत आहे.

हे सारे पक्ष्याला शिकवले कोणी? ‘सहजप्रेरणा’ असे एका शब्दात उत्तर देऊन आपण मोकळे होतो. निकोलस आणि एल्सी कॉलियास या शास्त्रज्ञ दांपत्याला ते पुरेसे वाटले नाही. सुगरणीचा भाऊबंद असलेली एक आफ्रिकी विणकर जात त्यांनी लॉस एंजेलिसला पक्षिगृहात पाळली. काही कोवळ्या नरांना त्यांनी सुमारे वर्षभर विणण्याजोगे काहीच मिळू दिले नाही. पुढे गवत दिले, तेव्हा त्या नरांना सुरुवातीला धड पाते फाडता येईना, मग विणणे तर दूरच. लहानपणापासून पात्यांशी खेळलेले नर मात्र सहज विणू लागले. कोवळ्या पक्ष्यांपुढे वेगवेगळ्या रंगांच्या वस्तू ठेवल्या, तर ती बहुधा हिरवी उचलत. म्हणजे हिरवे पाते उचलून त्याच्याशी खटपट करण्याची ओढ उपजत आहे; हात, नव्हे चोच, बसते ती सरावाने. १९६४ साली हे प्रयोग प्रसिद्ध झाले. पुढे २०११ मध्ये बोट्स्वाना देशातील आणखी एका विणकर जातीच्या चित्रफिती तपासल्या, तेव्हा दिसले की अनुभव वाढतो तसतशी नराच्या चोचीतून पाती कमी गळतात. काही नर डावीकडून उजवीकडे विणतात, काही उजवीकडून डावीकडे, आणि एकच नर दर वेळी एकाच रीतीने विणतो असेही नाही. यंत्र असे वागत नाही.

या सरावाची कल्पना तुम्हांला स्वतःलाही घेता येईल. गवताचे एक लांब हिरवे पाते घ्या. एक हात पाठीमागे ठेवा, दुसऱ्या हातात फक्त चिमटा धरा, आणि ते पाते पेन्सिलीएवढ्या काडीला निसटणार नाही असे बांधून पाहा. किती प्रयत्न लागले ते लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा.

शिक्षकांसाठीही येथे एक चांगला उपक्रम आहे. विहिरी बुजत आहेत आणि काठच्या बाभळी तुटत आहेत. तरी आसपास एखादी वसाहत सापडली, तर ऑगस्ट-सप्टेंबरात दर रविवारी विद्यार्थ्यांना घेऊन जावे. दूर उभे राहून पुरे खोपे किती, अर्धे किती, गेल्या रविवारचे अर्धे आता पुरे झाले का, याची नोंद करावी. पुष्कळदा खोपे झाडाच्या पूर्वेकडच्या बाजूला जास्त असतात, कारण आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो. तुमच्या झाडावर तसे आहे का, ते होकायंत्र लावून पाहा. नसेल, तर त्या झाडाला दुसरा काही आडोसा आहे का तेही पाहा. नांदता खोपा मात्र काढू नका. दिवाळीनंतर खाली पडलेला एखादा मिळाला, तर आधी आत मुनिया किंवा उंदीर राहायला आलेले नाहीत ना, याची खात्री करा. मग तो वर्गात आणा, कात्रीने उभा कापा आणि तो उंबरठा शोधा.