'हेही पाहा' : संगणकाच्या वाटेवरील पाट्या

बारामतीहून भिगवणकडे निघालेला रस्ता पुणे-सोलापूर महामार्गाला मिळतो. तेथून डावीकडे पुणे, उजवीकडे इंदापूर. समजा, तिथे पाटीच नाही. किंवा पाटी आहे, पण तिच्यावर नुसते 'वडगाव' लिहिले आहे. कोणते वडगाव? वडगाव निंबाळकर बारामती तालुक्यात, तर वडगाव मावळ पुण्याच्याही पलीकडे, मुंबईच्या वाटेवर! म्हणूनच आपल्याकडे गावाच्या नावाला आणखी एक शब्द जोडतात.

पुस्तकातही अशा पाट्या असतात. १९७६ साली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्यातील नोंद वाचताना एखाद्या शब्दाआधी बाण दिसतो. त्याचा अर्थ, त्या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे. नोंदीच्या शेवटी 'पहा' असे लिहून संबंधित नोंदींची नावे दिलेली असतात. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या या खुणेला आपण 'निर्देश' म्हणू. आज आपल्याला संगणकातील निर्देशांचा विचार करावयाचा आहे.

साठ नोंदींची गोष्ट

आमच्या प्रयोगशाळेत एका हिवाळ्यात रात्रभराचे तापमान नोंदवायचे ठरले. तापमापक संगणकाला जोडलेला होता. दर तासाला एक नोंद घ्यावी, एवढेच संगणकाला सांगायचे होते. लिनक्स प्रणालीत हे काम 'क्रॉनटॅब' या आज्ञेने होते. इंदापूर तालुक्यातून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने ते अंगावर घेतले. त्या दिवशी इंटरनेट बंद होते. पण प्रत्येक आज्ञेची माहिती यंत्रातच साठवलेली असते. 'मॅन' हा शब्द आणि त्यापुढे आज्ञेचे नाव टंकले की तिचे पान पडद्यावर येते. त्याने ते वाचले आणि वेळ अशी लिहिली :

\* ० * * *

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने तो आला आणि पाहतो तो काय! रात्री बारा ते एक या एका तासात साठ नोंदी, आणि नंतर एकही नाही. उघड्यावरचे तापमान बहुधा सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असते. नेमका तोच आकडा हुकला होता.

चूक कोठे झाली? या ओळीत पाच रकाने असतात : मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार. तारकेचा अर्थ 'प्रत्येक'. म्हणजे त्याने लिहिले होते, 'शून्याव्या तासातील प्रत्येक मिनिटाला'. हवे होते 'प्रत्येक तासाच्या शून्याव्या मिनिटाला' :

० * * * *

"सर, मी पान वाचले होते," तो म्हणाला. ते खरेच होते. पण रकान्यांचा क्रम त्या पानावर नव्हताच!

एक नाव, दोन पाने

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणाली उभारली. तिची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची आहे. तिच्यातही 'हेही पाहा' या अर्थाचे सदर होते. आजच्या लिनक्सने तीच पद्धत उचलली. या पुस्तिकेचे क्रमांकित विभाग असतात. पहिल्या विभागात आज्ञा, पाचव्यात फायलींची रचना, आठव्यात यंत्राच्या व्यवस्थापकाची कामे.

'क्रॉनटॅब' नावाची दोन पाने आहेत. क्रॉनटॅब(१) मध्ये आज्ञा कशी वापरावी हे आहे, तर क्रॉनटॅब(५) मध्ये पाच रकान्यांचा क्रम आहे. कंसातील आकडा म्हणजे 'निंबाळकर' किंवा 'मावळ'! नुसते 'मॅन क्रॉनटॅब' टंकले की पहिले पान उघडते. दुसरे हवे असेल तर 'मॅन ५ क्रॉनटॅब' असे सांगावे लागते.

मग पहिल्या पानावर पाटी नव्हती का? होती. अगदी तळाशी लिहिले होते, 'हेही पाहा : क्रॉनटॅब(५), क्रॉन(८)'. पण तिथे का जावे, हे लिहिलेले नव्हते. वाचणारा तळापर्यंत पोचलाच नाही, आणि पोचला असता तरी 'हे तर मी वाचतोच आहे' असे त्याला वाटले असते.

निर्देश तपासण्याची युक्ती

निर्देशांत दोन प्रकारचे दोष असतात. पहिला दोष, पाटीच नसणे. तो कागदावर शोधता येतो. एक चौकोनी तक्ता आखा. उभ्या बाजूला सर्व पानांची नावे लिहा, आडव्या बाजूला तीच नावे त्याच क्रमाने. 'अ' पानावर 'ब'चा निर्देश असेल, तर 'अ'च्या ओळीत 'ब'च्या स्तंभाखाली १ लिहा, नसेल तर ०. आता पाहा :

ओळ पूर्ण शून्यांची असेल, तर त्या पानावरून पुढे वाटच नाही. स्तंभ पूर्ण शून्यांचा असेल, तर त्या पानाकडे कोणीच बोट दाखवीत नाही. कर्णाच्या एका बाजूला १ आणि समोरच्या घरात ० असेल, तर जाण्याची वाट आहे, परतीची नाही. आणि ज्याचे पानच पुस्तिकेत नाही अशा नावाचा निर्देश आढळला, तर पाटी उठून गेलेल्या गावाची आहे!

मग सगळ्या घरांत १ भरून टाकावे का? तीस पाने असतील, तर ३० × २९ म्हणजे ८७० निर्देश होतील. प्रत्येक पानाखाली २९ नावे! चौकात २९ पाट्या लावल्या, तर इंदापूरची पाटी कोण शोधणार?

दुसरा दोष, पाटी मुकी असणे. हा तक्त्यात सापडत नाही. क्रॉनटॅब(१), क्रॉनटॅब(५) आणि क्रॉन(८) यांचा तक्ता आमच्या यंत्रावरील पानांवरून मांडला, तेव्हा सहाही घरांत १ आला. तक्ता निर्दोष, तरी विद्यार्थी चुकला! म्हणून निर्देश जिथे प्रश्न पडतो तिथेच हवा आणि त्याने कारणही सांगावे : 'वेळ लिहिण्याच्या पाच रकान्यांचा क्रम क्रॉनटॅब(५) मध्ये पाहा.' एवढे एक वाक्य मजकुरात असते, तर ती रात्र वाया गेली नसती.

आम्ही हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून संगणकाशेजारी चिकटवले. पुढच्या रात्री नोंदी नीट मिळाल्या, तासाला एक. लिनक्सची ही पाने सर्वांसाठी खुली आहेत. कोणालाही दुरुस्ती सुचवता येते, आणि ती एका ओळीचीही असू शकते.

करून पाहा

१. तुमच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील सर्व प्रकरणांचा असा तक्ता करा. कोणत्या प्रकरणाकडे कोणीच बोट दाखवीत नाही?

२. प्रत्येक १ पुढे तो निर्देश कारण सांगतो की मुका आहे, हे लिहा.

३. एखादा निर्देश कमी वाटला, तर तो एका वाक्यात तयार करा. मग ते पान न वाचलेल्या मित्राला दाखवा. वाक्य वाचून पुढच्या पानावर काय मिळेल, हे त्याला सांगता आले तर तुमची पाटी योग्य जागी लागली असे समजा.